राज्य गेलं, अंगण उरलं

तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरलेल्या भोसले घराण्याच्या मराठी इतिहासाबद्दल मी मागे लिहिलं होतं. ते वाचून आमच्या भागातल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांचा फोन आला. म्हणाले, "शिलालेख ठीक आहे. पण ही माणसं एवढ्या लांब जाऊन राहिली कशी, घर कसं केलं, ते लिही की." फौजेत तीस वर्षं काढलेला माणूसच असा प्रश्न विचारतो. लढाई कशी झाली ते पुस्तकात मिळतं. लढाई संपल्यावर माणूस घर कसं करतो, ते शोधावं लागतं.

सध्या मीही त्याच कामात आहे. येत्या डिसेंबरात माझी २६ वर्षांची नोकरी पुरी होते. कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी ४ गुंठ्यांत घर बांधून झालंय. घरात आई असते, आणि मुलांच्या शाळेसाठी सौ. दोन वर्षांपूर्वीच तिकडे गेली. घराभोवती अजून नुसता मुरूम आहे. तिथं बाग करायची, आणि ती एका शिकलेल्या उद्यानरचनाकाराकडून आखून घ्यायची, असं आम्ही दोघांनी ठरवलं. गावात कळल्यावर लोक हसले. "झाड लावायला इंजिनियर कशाला?" असं पारावर एकाने विचारलंही.

त्या प्रश्नाचं उत्तर मी इथे तंजावरात बसून शोधत होतो. कॅम्पमधून सुट्टीच्या दिवशी बाहेर पडायचं, राजवाडा, सरस्वती महाल, शिवगंगा तळं असं फिरायचं आणि संध्याकाळी घरून आलेला नवा नकाशा मोबाईलवर मोठा करून बघायचा, असे चार-पाच महिने गेले. दोन्ही गोष्टी एकमेकींत मिसळल्या. म्हणून या वेळचा लेख बागेचा.

पेन्शनवर गेलेला राजा

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतलं. तिथून १८५५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ १८० वर्षं, कावेरीच्या या मुलखात भोसल्यांची गादी होती. यातले बहुतेक राजे महाराष्ट्रात कुणाला ठाऊक नसतात. एक नाव मात्र इथल्या रिक्षावाल्यालाही माहीत असतं. सरफोजी दुसरे. तमिळ लोक सरबोजी म्हणतात.

सरफोजींचा जन्म १७७७ चा. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये त्यांना दत्तक घेतलं आणि त्याच वर्षी राजे वारले. पुढे भाऊबंदकी झाली, चुलते अमरसिंग गादीवर बसले आणि हा मुलगा जर्मन पाद्री श्वार्ट्झ यांच्या देखरेखीखाली वाढला. काही काळ मद्रासला शिकला. १७९८ मध्ये इंग्रजांनी त्यांना गादीवर बसवलं आणि पुढच्याच वर्षी, १७९९ च्या ऑक्टोबरात, त्यांच्याकडून तहावर सही घेतली. मुलखाचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि त्याच्या आसपासची थोडी जमीन. बदल्यात दरसाल एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा.

म्हणजे साध्या भाषेत पेन्शन. वय वर्षं २२.

आपल्यातल्या पुष्कळांना हा आकडा वाचून थांबावंसं वाटेल. आपण चाळिशीत वर्दी उतरवतो आणि पहिले सहा महिने सकाळी पाचला जाग येऊन काय करावं कळत नाही. इथे तर एक तरुण राजा, ज्याच्या पणज्या-खापरपणज्यांनी घोड्यावर राज्यं मिळवली, तो बाविसाव्या वर्षी एका किल्ल्याच्या भिंतीआड रिकामा बसला होता. फौज नाही, खजिना दुसऱ्याच्या हातात, दरबारात कंपनीचा रेसिडेंट. अशा जागी बसून संस्थानिक काय काय करत, ते आपण जाणतो. सरफोजींनी मात्र १८३२ साली मृत्यू येईपर्यंत, ३० वर्षांहून जास्त काळ, उरलेल्या जागेचं काय करता येईल हाच प्रश्न सोडवत घालवला.

भिंतीच्या आतली दुनिया

सरस्वती महाल ग्रंथालय नायक राजांच्या वेळेपासूनचं, पण आज आपण जे पाहतो त्याला आकार सरफोजींनी दिला. १८२० ते १८२२ या काशीयात्रेतही ते ग्रंथ जमवत होते. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी पोथ्या तिथं आहेतच. शिवाय इंग्रजी, फ्रेंच, जर्मन पुस्तकं आहेत, आणि मोडी कागदांचे गठ्ठेच्या गठ्ठे. रोजचा खर्च, कुणाला काय दिलं, काय विकत घेतलं, सगळं मोडीत. मोडी वाचता येत नाही याची खंत मला इथे जितकी वाटली, तितकी साताऱ्यातही वाटली नव्हती.

ग्रंथालयाच्या जोडीला त्यांनी धन्वंतरी महाल उभा केला. तिथं आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि पाश्चात्त्य अशा सगळ्या पद्धतींचे वैद्य एकत्र काम करत. रोग्यांची नोंद ठेवली जाई. डोळ्यांच्या रोग्यांचे तर रंगीत चित्रांसह केलेले कागद आजही आहेत, आणि आपल्या काळातल्या नेत्रतज्ज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे. औषधी वनस्पतींची हाताने रंगवलेली चित्रं करून घेतली. पानाच्या कडा, फूल, फळ, मूळ, सगळं समोर ठेवून काढलेलं. वाड्याच्या आवारात प्राणी आणि पक्षी पाळले होते, आणि त्यांचीही चित्रं तंजावरच्या चितारांकडून काढवली. त्यांतला एक संच त्यांनी बेंजामिन टोरिन या पूर्वीच्या रेसिडेंटला भेट दिला. तो आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे.

या सगळ्यामागे शेजारचाही हात होता. तंजावरपासून सुमारे १०० किलोमीटरवर समुद्रकाठी तरंगमबाडी आहे. तिथं डेन्मार्कची वखार होती आणि जर्मन मिशनरी राहत. श्वार्ट्झ मूळचे तिथलेच. त्यांच्यातले काही जण पक्के वनस्पतिशास्त्रज्ञ होते. लिनिअसचा शिष्य कोनिग १७६८ मध्ये तिथं आला आणि या किनाऱ्यावरची झाडं गोळा करू लागला. पुढे रॉटलर या पाद्र्याने तेच काम चालवलं, आणि त्याने वाळवून ठेवलेले नमुने शेवटी लंडनच्या क्यू बागेत पोचले. सरफोजी या वातावरणात वाढले. घरातल्या औषधी झाडाकडे वैद्याच्या नजरेने बघायचं आणि नोंद करणाऱ्याच्या नजरेनेही बघायचं, ही सवय त्यांना तिथून लागली असणार.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. हा सगळा खर्च ज्या पैशातून होत होता, तो कावेरीच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाच्या सारावसुलीतून येत होता, आणि वसुली कंपनी करत होती. ज्या इंग्रजांनी राज्य घेतलं, त्यांच्या नेपोलियनवरच्या विजयासाठी सरफोजींनी समुद्रकाठी मनोरा नावाचा आठ मजली बुरूज बांधला. तो पाहताना मराठी माणसाच्या मनात जरा कालवाकालव होतेच. पण मनोऱ्याचा उपयोग किती आणि धन्वंतरी महालाचा किती, हा हिशोब इतिहासाने नीट केला आहे.

आधी पाणी

तंजावरात बागेचा विचार पाण्यापासूनच सुरू होतो. या गावाला कावेरीच्या फाट्यांनी वेढलंय. मेट्टूरचं धरण १९३४ मध्ये पुरं झालं, आणि पाणी असेल त्या वर्षी १२ जूनला त्याचे दरवाजे उघडायची रीत आहे. ते पाणी कालव्यांतून इथे पोचलं की सगळा मुलूख हिरवा होतो. पण नदी जवळ असली, तरी किल्ल्याच्या आत बारा महिने गोडं पाणी हवं असतं. त्यासाठी नायकांनी सेवप्पा नायकाच्या नावाचं तळं केलं. तिथं पावसाचं पाणी साठायचं, गाळ खाली बसायचा, मग ते देवळाशेजारच्या शिवगंगा तळ्यात यायचं आणि तिथून जमिनीखालच्या नळांनी वाड्यात आणि वस्तीत जायचं. मराठ्यांनी ही व्यवस्था पुढे चालवली. इथे तिला 'जलसूत्रम्' म्हणतात. शब्द आपल्यालाही कळतो.

शिवगंगा तळ्याभोवतीची बाग आज महानगरपालिकेची आहे. ती १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला लोकांसाठी आखली गेली. शेजारीच श्वार्ट्झ यांचं १७७९ चं चर्च आहे. मी तिथं बसलो, की मला आपल्याकडचं आज्ञापत्र आठवतं. रामचंद्रपंत अमात्यांनी १७१५-१६ च्या सुमारास लिहिलेला तो ग्रंथ. त्यातलं दुर्गांचं प्रकरण प्रत्येक फौजी माणसाने वाचावं. किल्ला बांधण्याआधी पाणी बघा, झरा असला तरी त्यावर विसंबू नका, टाकी खोदा, असं पंत बजावतात. गडाच्या घेऱ्यात काटेरी झाडी जपा, कारण तीच राखण. गडावर आंबा, फणस, चिंच, वड, लिंबू, फुलझाडं, जे जे येईल ते लावा. वेळेला सगळं कामी येतं. आणि रयतेचं फळझाड हवं असेल, तर मालकाला राजी करून, पैसे देऊनच घ्या.

आजचा उद्यानरचनाकार गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीत जे विचारतो, ते यात सगळं आहे. पाणी कुठून, कुंपण कसलं, सावली कुणाची, खायला काय मिळणार, आणि जुनं झाड कुणाच्या मालकीचं.

लांबचा कारागीर

आता मूळ प्रश्न. आपल्या अंगणात दुसऱ्याला का बोलवायचं?

सरफोजींनी पैसे देऊन बाहेरचा कारागीर लावल्याचा एक ठसठशीत पुरावा शिवगंगेकाठच्या त्या चर्चमध्ये उभा आहे. श्वार्ट्झ १७९८ मध्ये वारले. त्यांचं स्मारक करायचं राजांच्या मनात आलं. त्यांनी काम दिलं लंडनच्या जॉन फ्लॅक्समनला, त्या काळातल्या इंग्लंडच्या मोठ्या शिल्पकाराला. फ्लॅक्समनने हिंदुस्थान कधी पाहिला नाही. पत्रं, पैसे आणि शेवटी संगमरवर, सगळं जहाजाने, आफ्रिकेला वळसा घालून. एका खेपेला चार-सहा महिने. आज ते शिल्प पाहिलं की दिसतो तो मृत्युशय्येवरचा म्हातारा पाद्री आणि त्याचा हात धरून वाकलेला तरुण राजा. हात लंडनचा, प्रसंग तंजावरचा. कारागिराला दगड कळत होता. कुणाचा हात कुणी धरला, हे त्याला तंजावरहून कळवल्याशिवाय कसं कळणार?

बागेच्या बाबतीतला मोठा दाखला तंजावरच्या एका लेकीपाशी घेऊन जातो. मोहिते घराण्यातल्या लक्ष्मीबाईंचं लग्न १८८० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांशी झालं आणि त्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि वादक बडोद्याला गेले, म्हणून गुजरातेत भरतनाट्यम् त्या काळी पोचलं. १८८५ मध्ये, अगदी तरुणपणी, चिमणाबाई गेल्या. बडोद्याचा नवा राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. त्याचं नाव लक्ष्मीविलास, आणि ते या तंजावरच्या लक्ष्मीबाईंवरून पडलं असं बडोद्यात सांगतात.

त्या राजवाड्याची बाग आखायला सयाजीरावांनी क्यू बागेत तयार झालेला विल्यम गोल्डरिंग हा व्यावसायिक उद्यानरचनाकार लावला. पाठोपाठ १८९३ मध्ये क्यूमधूनच गुस्ताव क्रुम्बिगेल हा तरुण जर्मन माणूस बडोद्यात नोकरीला आला. ड्रेस्डेनकडचा. त्याने बडोद्याच्या बागा सांभाळल्या, उटीला महाराजांच्या जागेचं काम पाहिलं, आणि पुढे म्हैसूरच्या महाराजांनी त्याला आपल्याकडे बोलावून घेतलं. १९०८ पासून बंगळूरचं लालबाग त्याच्या हाती आलं. बंगळूरच्या रस्त्यांवर वर्षभर एकामागून एक झाडं फुलतात, जानेवारीत एक, मार्चमध्ये दुसरं, मेमध्ये तिसरं. ती आखणी त्याच्याच काळातली. आपल्यातल्या किती जणांनी जालाहळ्ळीला किंवा एमईजी सेंटरला ट्रेनिंग करताना त्या झाडांखालून फॉल इनला पळापळ केली असेल! सावली कुणाची ते तेव्हा कुणी विचारलं?

क्रुम्बिगेल १९५६ मध्ये बंगळूरलाच वारला. साठ वर्षांहून जास्त काळ या देशात राहिला. त्याने नुसते नकाशे काढून दिले नाहीत. झाड वाढताना पाहिलं, चुकलेलं पुन्हा लावलं, हाताखाली माणसं तयार केली.

आमचे ४ गुंठे

आमच्या रचनाकार मॅडम साताऱ्यात काम करतात, पुण्यात शिकल्या. नकाशा, झाडांची यादी आणि प्रत्यक्ष येऊन दोन वेळा बघणं, याची फी १८,००० रुपये. पहिल्या दिवशी त्यांनी झाडाचं नावसुद्धा काढलं नाही. नुसते प्रश्न. मी व्हिडिओ कॉलवर होतो.

"सर, वर्षातले किती दिवस घरी असता?"

मी काही बोलायच्या आत सौ. म्हणाली, "आत्तापर्यंत साठ. डिसेंबरनंतर सगळेच."

मे महिन्यात पाणी कोण घालणार, बोअर कधी आटते, दुपारी चारचं ऊन कुठल्या खिडकीवर येतं, घरात कुणाचे गुडघे दुखतात. आईला त्यांनी वेगळं बसवून विचारलं. आई म्हणाली, "मला बसाय सावली पायजे. आन् मोरीचं पाणी वाया जाऊ द्यायचं न्हाई." मॅडमनी ते तसंच लिहून घेतलं.

मग आकडे आले. ४ गुंठे म्हणजे ४,३५६ चौरस फूट. घराचा स्लॅब १,१०० चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १०२ चौरस मीटर. मुलाला पुढे हिरवळ हवी होती, क्रिकेटसाठी. हिरवळीला उन्हाळ्यात चौरस मीटरला रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. १०० चौरस मीटर केली तर रोज ४००-५०० लिटर, आणि आमची बोअर एप्रिलमध्ये मान टाकते. उलट, वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला असं मानलं, तरी स्लॅबवरून ४९,००० लिटर पाणी मिळतं. पन्हळ लावून ते जमिनीखालच्या टाकीत घ्यायचं ठरलं. हिरवळ गेली. मुलाला सांगितलं, पंतांनी सांगितलंय, आधी पाणी. त्याला पंत म्हणजे ऋषभ पंत वाटला.

झाडांच्या अंतराचंही तसंच. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात, दोन झाडांमध्ये वीस हात अंतर उत्तम, सोळा मध्यम आणि बारा हे कमीत कमी असं सांगितलंय. वीस हात म्हणजे ३० फूट. आमच्या जागेत त्या मापाने मोठी झाडं बसतात दोनच. मॅडमच्या नकाशातही दोनच होती. पश्चिमेला कडुनिंब आणि आग्नेयेला एक कलमी आंबा. बाकी शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पारिजातक. आणि मागच्या परड्यात मोरीच्या पाण्यावर केळी, अळू आणि कर्दळ.

हे शेवटचं पाहून मला हसू आलं, कारण तंजावरच्या जुन्या घरांत अगदी हेच आहे. पुढे ओटा, मध्ये आकाश दिसणारा चौक, आणि मागे 'कोल्लै', म्हणजे आपलं परडं. विहीर, धुण्याचा दगड, त्या पाण्यावर केळ आणि नारळ. पश्चिम राजवीथीच्या मागे एका मराठी घरात मला जेवायला बोलावलं होतं. आजींची मराठी ऐकताना तीनशे वर्षांपूर्वीचं माणूस बोलतंय असं वाटावं. त्यांच्या कोल्लैत तुळस, अबोली, मरवा आणि दवणा होता. इथला 'कदंबम्' नावाचा गजरा अशाच फुलापानांचा करतात, आणि त्यात दवणा लागतोच. दवणा म्हटल्यावर आपल्याला जोतिबाची चैत्राची यात्रा आठवते. आजींना जोतिबा माहीत नव्हता. दवण्याचा वास माहीत होता.

नकाशाच्या दुसऱ्या खेपेला खरी अडचण आली. फाटकातून गाडी आत घ्यायची तर वडिलांची दगडी डोण वाटेत येत होती. वडील जाऊन तीन वर्षं झाली. बैल त्याआधीच विकलेले. डोण तेवढी राहिली. चार फूट लांब, एकाच दगडातली. आईला विचारलं तर म्हणाली, "काढा की. आता कुठं बैलं हायती?" पण त्याच संध्याकाळी तिने ती डोण घासून धुतली, असं सौ.ने मला फोनवर सांगितलं. मी इथे, शेकडो मैलांवर. काय बोलणार?

सौ.ने मॅडमना फोन लावला. त्यांनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "ताई, माझ्या कागदावर तो चार बाय दोनचा चौकोन होता. आता मी त्याला पाण्याच्या वाटेवर घेते." तिसऱ्या नकाशात गाडी फाटकाबाहेर गेली. टाकी भरली की वरचं पाणी डोणीत, आणि डोण भरली की केळीच्या आळ्यात. पक्ष्यांनाही पाणी झालं. आईचा बसायचा कट्टा त्या डोणीशेजारी, कडुनिंबाच्या सावलीत. कडुनिंब वाढेपर्यंत मांडवावर दोडक्याचा वेल.

पारावरच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. उताराचं पाणी कुठे वळेल, कुठल्या झाडाची मुळं दहा वर्षांनी पायाला लागतील, हे मॅडमना कळतं, मला नाही. त्याचे पैसे द्यावेत. डोण काय आहे हे आम्हाला कळतं, त्यांना नाही. ते आपण सांगावं. फ्लॅक्समनची आणि सरफोजींची वाटणी हीच होती.

बाग टिकते कशाने

सरफोजींची झाडं आज कुठे आहेत? वाड्याच्या आवारात फिरलं तर पडके चौक, सरकारी कचेऱ्या, शाळा आणि संग्रहालय दिसतं. त्यांनी लावलेलं म्हणून दाखवता येईल असं एकही झाड मला कुणी दाखवू शकलं नाही. १८५५ मध्ये त्यांचे पुत्र दुसरे शिवाजी पुत्राशिवाय वारले. कंपनीने गादी खालसा केली आणि वाड्यातली खाजगी मालमत्तासुद्धा ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाई त्याविरुद्ध कोर्टात गेल्या. खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला, आणि १८५९ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. घराला मालक उरला नाही, तेव्हा बागेला कोण पाणी घालणार?

कागद मात्र राहिला. वनस्पतींची चित्रं राहिली, ग्रंथालय राहिलं आणि १९१८ मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. बंगळूरची झाडंही राहिली, कारण तिथं क्रुम्बिगेल स्वतः राहिला आणि त्याच्यानंतर बघणारी माणसं राहिली. कागद कपाटात टिकतो. झाडाला रोज माणूस लागतो.

आपल्यासारख्यांची अडचण नेमकी तीच आहे. मी जोधपूरला बोगनवेल लावली, तेजपूरला लिंबू, बिदरला सीताफळ. प्रत्येक क्वार्टर सोडताना मार्चिंग आऊटला एमईएसचा माणूस येऊन बल्ब, नळ, पंखे, काचा मोजायचा. झाड त्या यादीत कधीच नव्हतं. लावायचं, वाढवायचं, आणि फळ धरायच्या सुमारास पुढच्या माणसाला देऊन निघायचं. त्याचं वाईट वाटत नाही. मलाही तेजपूरला आधीच्या सार्जंटने लावलेल्या सुपारीच्या बागेत राहायला मिळालं होतं. पण आता पहिल्यांदाच अशी जागा हाती आली आहे, जिथून बदली नाही. १८,००० रुपये मी नकाशाला दिले नाहीत. डिसेंबरनंतर मी तिथे रोज असणार आहे, हे मॅडमनी कागदावर गृहीत धरलं. त्याचे दिले. यादीत माझ्या नावापुढे कामं लिहिलेली आहेत. आठवड्यातून एकदा आळी भरणं, मार्चमध्ये पालापाचोळ्याचं आच्छादन, मेच्या शेवटी टाकी साफ करणं. आईच्या नावापुढे एकच काम आहे, दवणा.

होय, दवणा इथून नेतोय. बी छोट्या पुडीत घेतलंय. आमच्या कोरड्या हवेत तो जोमाने येईल, असं मॅडमचं म्हणणं आहे.

निवृत्तीला आलेल्या मित्रांना दोनच गोष्टी सांगतो. घर बांधताना सगळे पैसे स्लॅब आणि टाइल्सवर संपवू नका. पाण्याच्या टाकीला आणि एका जाणत्या माणसाच्या सल्ल्याला थोडे ठेवा. आणि नकाशा घेण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, तुला कुठे बसायचंय.

तंजावरला येणं झालं, तर मोठ्या देवळाचा शिलालेख पाहाच. मग तिथून पायी शिवगंगा बागेत जा, चर्चमधलं शिल्प बघा, आणि दुपारी सरस्वती महालाच्या संग्रहालयात सरफोजींच्या काळची चित्रं बघा. एका दिवसात होतं. डिसेंबरच्या आत आलात, तर कॅम्पच्या गेटवर माझं नाव सांगा. चहा पाजतो. नंतर आलात, तर कोरेगावला या. सावलीला अजून दोन-तीन वर्षं लागतील, पण डोणीत पाणी असेल.

जय हिंद.